कवट्यांची भिंत : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

विषय ठरला: 'बुद्धी कुठून आली?' एक लांब भिंत, तिच्यावर कवट्यांच्या प्रतिकृती, समोरच्या टेबलांवर दगडी हत्यारं. मुख्य प्रेक्षक शाळकरी मुलं. मजकूर माझ्याकडे, प्रतिकृती आणि मांडणी मैत्रिणीकडे, आणि प्रत्येक वाक्याला चाळणी लावायला सर. सरांनी सगळी हयात खडक आणि जीवाश्म शिकवण्यात घालवली. मजकुरात 'बहुधा' नसेल तर ते लाल पेनाने घालतात आणि असेल तर 'कशावरून?' असं समासात विचारतात.

आयोजकांना दारात ते नेहमीचं चित्र हवंय. डावीकडे चारही पायांवरचा वानर, मग जरा कमी वाकलेला, मग आणखी कमी, आणि उजव्या टोकाला ताठ चालणारा माणूस. माझा त्याला विरोध आहे. त्या चित्रात सगळे एकामागोमाग येतात, जणू एकाने जागा सोडली की दुसऱ्याने घेतली. प्रत्यक्षात ३ लाख वर्षांपूर्वी आपली जात, होमो सेपियन्स, आफ्रिकेत नुकती दिसू लागली होती, तेव्हाच माणसाच्या इतर जातीही नांदत होत्या: युरोपात निअँडरथल होते, आशियात डेनिसोव्हन होते, जावामध्ये बहुधा होमो इरेक्टस टिकून होता आणि दक्षिण आफ्रिकेत होमो नालेदी होता. एवढी गर्दी एका रांगेत बसणार नाही.

मी पर्याय मांडला. भिंतीवर आलेखच काढायचा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर मेंदूचं आकारमान, सीसीमध्ये (घन सेंटिमीटर). प्रत्येक कवटी आपापल्या बिंदूवर टांगायची. खाली, त्याच काळाच्या पट्टीवर, हत्यारांची वेगळी ओळ. वरचं आणि खालचं जुळतं का ते मुलांनीच बघायचं.

९ ऑगस्ट

पहिली कवटी कोणती, यावर आज बोलणं झालं. माझं मत टाँगच्या बाळाला.

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टाँग इथे चुनखडीच्या खाणीत ती सापडली. तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा, जबडा, आणि शिवाय मेंदूचा नैसर्गिक साचा: कवटीत गाळ शिरून त्याचा दगड झाला होता आणि त्यावर मेंदूच्या पृष्ठभागाचे उंचवटे उमटले होते. रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये तिला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस असं नाव दिलं. मेंदू जेमतेम ४०० सीसीचा, म्हणजे चिंपांझीइतका. पण मज्जारज्जू ज्या भोकातून कवटीबाहेर पडतो ते पुढे सरकलेलं, थेट कवटीखाली. डोकं मानेवर तोललेलं होतं, म्हणजे प्राणी दोन पायांवर चालत होता.

त्या काळच्या बऱ्याच मोठ्या नावांना हे पटलं नाही, आणि त्यामागे पिल्टडाउन होता. १९१२ मध्ये इंग्लंडात 'सापडलेल्या' त्या कवटीचा मेंदू माणसाएवढा होता आणि जबडा वानराचा. आधी मेंदू वाढला, बाकीचं मागून आलं, ही समजूत त्या काळी सर्वांना सोयीची होती आणि पिल्टडाउनने तिला पुरावा पुरवला. १९५३ मध्ये बिंग फुटलं: माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले, हाडं रंगवून जुनाट केलेली. तब्बल चाळीस वर्षं एक बनावट कवटी खरी म्हणून मिरवली आणि तिने खऱ्या कवटीची वाट अडवून धरली.

चालणं आधी आलं याबद्दल आता वाद उरलेला नाही. टांझानियात लाएटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सुमारे ३६ लाख वर्षं जुनी आहेत. १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेली ल्यूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची. तीही दोन पायांवर चालणारी आणि तिचाही मेंदू लहानच. वाढलेला मेंदू त्यानंतर दहा लाखांहून जास्त वर्षांनी दिसतो. मधली ही रिकामी जागा भिंतीवर ढळढळीत दिसली पाहिजे. मैत्रीण म्हणते रिकामी भिंत वाईट दिसते. दिसू दे.

१४ ऑगस्ट

प्रतिकृती आल्या. पोकळ, खऱ्या मापाच्या, स्कॅनवरून छापलेल्या. आजचा दिवस मोहरीचा.

कवटीचं आकारमान मोजायची जुनी रीत हीच. कवटी उलटी धरायची, तळाच्या भोकातून बारीक दाणे ओतायचे, गच्च भरले की मापपात्रात रिकामे करायचे. आम्ही सुरुवात 'मिसेस प्लेस'पासून केली. १९४७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफोंटेनला मिळालेली ही कवटी टाँगच्याच जातीची, पण प्रौढ. पुस्तकातला आकडा ४८५ सीसी. दाणे अलगद ओतले तर माप कमी भरतं, कवटीला टिचक्या मारत ओतले तर दाणे बसत जातात आणि माप वाढतं. भुवयांच्या मागच्या खोबणीत हवा राहते, तिथे कवटी तिरकी करून बोटाने हलवावं लागतं. आमचं माप पुस्तकातल्या आकड्याच्या खालीवर नाचत राहिलं.

सरांनी इथे सॅम्युअल मॉर्टनची आठवण काढली. एकोणिसाव्या शतकातल्या या अमेरिकन डॉक्टरने शेकडो मानवी कवट्या आधी बारीक बियांनीच मोजल्या, पण मापं नीट जुळेनात म्हणून तो शिशाच्या छऱ्यांकडे वळला. त्याला मानववंशांची उतरंड लावायची होती आणि त्याने ती लावलीही. गुलामगिरीच्या समर्थकांनी तिचा वापर केला. आजच्या निरोगी माणसांत मेंदू साधारण १,००० पासून २,००० सीसीपर्यंत कितीही असू शकतो आणि त्यावरून कोण किती हुशार हे सांगता येत नाही. हा मजकूर मोहरीच्या टेबलावरच लावायचा, कोपऱ्यात नाही. मुलं कवट्या मोजणार, तर मोजण्याचा हा इतिहासही त्यांना तिथेच कळला पाहिजे.

याच टेबलावर 'सीमारेषे'ची गोष्टही येईल. आर्थर कीथ यांनी ७५० सीसी ही माणूसपणाची हद्द ठरवली होती. १९६४ मध्ये लुई लीकी, फिलिप टोबायस आणि जॉन नेपियर यांनी टांझानियातल्या ओल्डुवाई घळीतल्या अवशेषांना होमो हॅबिलिस नाव दिलं तेव्हा ती ६०० वर आणावी लागली, कारण त्यांचा 'हातगुणी माणूस' जुन्या हद्दीत बसत नव्हता. नियमात न बसणारा आला की नियमच खाली सरकवायचा! मला हे लबाडीचं वाटायचं. सरांच्या मते विज्ञानात हे रोजचं आहे. लबाडी तेव्हा, जेव्हा सरकवलं हे सांगत नाहीत.

२१ ऑगस्ट

बिंदू टाकायला सुरुवात केली. सुरुवातीचे बिंदू शहाण्यासारखे चढत गेले. ऑस्ट्रॅलोपिथेकस ४५० च्या आसपास, हॅबिलिस ६०० च्या वर, तुर्काना सरोवराकाठचा इरेक्टस मुलगा (१९८४ मध्ये कामोया किमेयू यांच्या नजरेला पडलेला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा) ८८० वर, मग १,२०० आणि त्यापुढे निअँडरथल आणि आपण.

मग नालेदीची कवटी हातात घेतली. संत्र्याएवढी पोकळी.

२०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रायझिंग स्टार गुहेत, जेमतेम २० सेंटिमीटरच्या फटीतून उतरून सहा संशोधक महिलांनी ही हाडं बाहेर काढली. ली बर्जर यांच्या गटाने २०१५ मध्ये जात जाहीर केली तेव्हा वय माहीत नव्हतं. एवढ्याशा मेंदूमुळे अनेकांनी ती वीस लाख वर्षांच्या घरातली धरली. २०१७ मध्ये वय निघालं: ३ लाख ३५ हजार ते २ लाख ३६ हजार वर्षं. मेंदू ४६५ ते ६१० सीसी. म्हणजे आलेखात ही कवटी उजव्या टोकाला, आपल्या अगदी शेजारी, पण तळाशी लटकते.

मैत्रिणीने खिळा ठोकला आणि मागे सरकून म्हणाली, "ही चुकून लागल्यासारखी दिसते." मला तर भिंतीवरची सगळ्यात उपयोगी कवटी हीच वाटते. चढत्या रेघेवर विश्वास ठेवून आलेला माणूस इथे अडखळणार.

नालेदीच्या मेंदूच्या साच्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. आकार छोटा, पण कपाळामागच्या भागातल्या घड्यांची ठेवण वानरापेक्षा माणसाच्या जवळची. किती आहे आणि कसा जुळवलेला आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मृतांना पुरण्याच्या दाव्यावर मात्र आमची खडाजंगी झाली. २०२३ मध्ये त्याच गटाने नालेदी आपल्या मृतांना पुरत होते आणि भिंतींवर खुणा कोरत होते असं जाहीर केलं. अनेक तज्ज्ञांना पुरावा अपुरा वाटला आणि तो वाद मिटलेला नाही. मैत्रिणीला ते फलकावर ठळक हवं होतं, कारण मुलांना आवडेल. ठरलं ते असं: 'संशोधकांचा दावा' असं लिहायचं, आक्षेपही लिहायचा, दोन्ही एकाच जाडीच्या अक्षरांत.

२२ ऑगस्ट

फ्लोरेसची कवटीही लावली. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये मिळालेली ही प्रौढ स्त्री जेमतेम एक मीटर उंच होती, मेंदू ४२६ सीसी. तिच्या जातीची दगडी हत्यारं सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या थरांत मिळतात आणि सोबत स्टेगोडॉन या ठेंगण्या हत्तीची हाडं. बस. आता तळाला दोन कवट्या झाल्या, एकीला 'अपवाद' म्हणून उडवून लावायची सोय उरली नाही.

३० ऑगस्ट

दगड फोडले. अंगणात ताडपत्री, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, तोंडाला मास्क. गारगोटीची धूळ फुप्फुसात गेली तर निघत नाही, म्हणून मास्कवर तडजोड नाही.

लिहून ठेवण्यासारखं बरंच आहे. डाव्या हातात गाभ्याचा दगड, उजव्यात हातोडा-दगड. गोल गोट्यावर कितीही जोर काढा, काही होत नाही; दगड बोथट आवाज काढतो आणि मनगट झणझणतं. आधी अशी कड शोधावी लागते जिथे दोन पृष्ठं काटकोनापेक्षा कमी कोनात मिळतात. त्या कडेच्या किंचित आत, तिरका, निसटता घाव घातला की आवाजच बदलतो. टणत्कार होतो आणि खालच्या बाजूने, म्हणजे जी बाजू फोडणाऱ्याला दिसतच नाही तिथून, छिलका सुटून तळहातावर पडतो. छिलक्याच्या पोटावर घावाजवळ एक छोटा उंचवटा असतो आणि तिथून पसरलेली वर्तुळाकार लहर. पाण्याने किंवा उन्हाने तडकलेल्या दगडावर असा उंचवटा सहसा येत नाही. उत्खननात माणसाचा हात ओळखतात तो यावरून. कड इतकी धारदार की मैत्रिणीने दोरखंड एका ओढीत कापला.

एक छिलका निघाला की गाभ्यावर नवी कड तयार होते. पुढचा घाव कुठे, हे त्या कडेवरून ठरतं. दर घावाला दगड फिरवून बघायचा. २६ लाख वर्षांपूर्वी इथिओपियात गोना इथे हत्यारं घडवणाऱ्यांना हे कोन बरोबर कळत होते. तिथले गाभे बघून तज्ज्ञही चकित झाले होते. डोकं चिंपांझीपेक्षा बहुधा फार मोठं नसलेल्यांचं हे काम.

कांझी नावाच्या बोनोबोची गोष्ट इथेच सांगायची. १९९० च्या दशकात निकोलस टॉथ यांनी त्याला छिलके काढायला शिकवायचा प्रयत्न केला. खाऊचा डबा दोरीने बांधलेला, दोरी कापायला धार हवी. कांझीला हातात धरून घाव घालणं जमलं, पण बेताचंच. मग त्याने दगड कडक फरशीवर आपटला. फुटला, छिलके मिळाले, दोरी कापली. संशोधकांनी फरशीवर गालिचा टाकला तर पठ्ठ्याने गालिचा उचलून बाजूला केला. धार कशाला लागते हे त्याला पक्कं कळत होतं; कोन साधणं मात्र गोनाच्या कारागिरांसारखं त्याला कधी जमलं नाही.

पण सर दुसरी बाजू घेऊन आले. ब्राझीलमधली कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि फुटल्यावर ती पूड चाटतात. त्यात आपोआप धारदार छिलके पडतात, अगदी आदिम हत्यारांसारखे दिसणारे. माकडं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये थायलंडच्या मकाक माकडांचंही तसंच निघालं, ती तेलताडाची फळं फोडतात तेव्हा. म्हणजे धारदार छिलका सापडला एवढ्यावरून 'कोणीतरी हे ठरवून केलं' असं म्हणता येत नाही. छिलक्याने काहीतरी कापलं का, हाडावर घासल्याच्या खुणा आहेत का, दगड लांबून आणलाय का, हे बघावं लागतं.

मी छिलक्यांची दोन ताटं मांडणार आहे, आमच्या हातचे आणि नुसते आपटून पडलेले. फरक ओळखा.

६ सप्टेंबर

हातकुऱ्हाडींचा कोपरा. दोन्ही बाजूंनी घडवलेली, पानाच्या आकाराची ही हत्यारं सुमारे १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला पहिल्यांदा दिसतात. भारतीय उपखंडातल्या पुराश्मयुगाचा शोध १८६३ मध्ये लागला, रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळ पल्लावरमला असंच दगडी हत्यार मिळालं तेव्हा. त्याच परिसरातलं अत्तिरमपक्कम हे स्थळ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खणलं आणि २०११ मध्ये तिथल्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं निघालं. तोवर भारतातली ही हत्यारं बरीच नंतरची समजत.

यातलं खरं कोडं वेगळं आहे. ही घडण दहा लाखांहून अधिक वर्षं फारशी बदलली नाही. त्या काळात मेंदू जवळजवळ दुपटीच्या वाटेला लागला होता. वर कवट्या चढतात, खाली हत्यारांची ओळ सपाट. वरचं खालच्याशी जुळत नाही, आणि आलेख काढायचा तो यासाठीच.

मग बदलत नसलेलं हे कौशल्य पिढ्यानपिढ्या पोहोचत कसं होतं? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. १८४ माणसांना साखळ्यांत बसवलं आणि छिलके काढायला शिकवलं. काहींना फक्त तयार छिलके दाखवले, काहींना दुसऱ्याचं काम नुसतं बघायला मिळालं, काहींचा हात धरून दुरुस्त केला, काहींना फक्त खुणा, काहींना बोलून. नुसतं बघून फारसं साधलं नाही. शिकवल्यावर सुधारलं आणि बोलून शिकवल्यावर सगळ्यात जास्त. ३० ऑगस्टला मलाही कोन सांगितला गेला होता, मी तो शोधून काढला नव्हता. हुशारीचा बराच भाग एका कवटीत मावणारा नसतो, तो दोघांच्या मध्ये असतो. भिंतीवर मात्र आपण सुट्या कवट्याच टांगतो, त्याला इलाज नाही.

११ सप्टेंबर

खर्चाचा फलक. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. चार-पाच वर्षांच्या मुलात हा वाटा ६० टक्क्यांच्या पुढे जातो आणि त्याच वयात शरीराची वाढ मंदावते. पोरं इतकी वर्षं लहान का राहतात याचं एक कारण इथे आहे.

ही ऊर्जा आणली कुठून? १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी सुचवलं की आतडं आखूड झालं आणि वाचलेली ऊर्जा मेंदूकडे गेली. त्यासाठी मांसासारखं पचायला सोपं अन्न हवं. कल्पना देखणी. पण २०११ मध्ये शंभर सस्तन प्राण्यांच्या जाती तपासल्यावर मेंदू आणि आतड्याचं असं व्यस्त नातं सर्वसाधारणपणे सापडलं नाही. २०१६ मधल्या मोजमापांत आणखी एक गोष्ट निघाली: शरीराच्या आकाराचा हिशेब घेतला तर माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० कॅलरी जास्त जाळतो. म्हणजे नुसती काटकसर नव्हे, आमदनीच वाढलेली. रिचर्ड रँगम यांच्या मते आमदनीचं मूळ शिजवण्यात आहे. अडचण पुराव्याची. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, तोंडापासून ३० मीटर आत, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख आणि जळकी हाडं मिळाली आहेत; इरेक्टसचा मेंदू त्याच्या कितीतरी आधी वाढू लागला होता.

चेतापेशींचा मुद्दा थोडक्यात. सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी मेंदू द्रावणात विरघळवून पेशीकेंद्रकं मोजली: माणसात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. हत्तीत त्याच्या तिप्पट, पण त्यातल्या बहुतेक अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या घड्यांच्या थरात, हत्तीच्या सुमारे ५६० कोटी, माणसाच्या सुमारे १,६०० कोटी. मोहरीने हे मोजता येत नाही.

२० सप्टेंबर

निअँडरथल. फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सेंच्या म्हाताऱ्याची कवटी (१९०८ मध्ये सापडलेली) सुमारे १,६०० सीसी. भिंतीवर आपल्याही वर. वरच्या टोकालाही आपण नाही, हे आयोजकांना आज सांगितलं, तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती.

फलकावर दोनच गोष्टी ठेवल्या. पहिली, फ्रान्समधली ब्रुनिकेल गुहा: तोंडापासून ३३६ मीटर आत, काळ्याकुट्ट अंधारात, चुनखडीचे खांब तोडून सुमारे ४०० तुकड्यांची रचलेली वर्तुळं, १ लाख ७६ हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा युरोपात निअँडरथलच होते. दिवटी धरणारा एक, तोडणारा दुसरा, रचणारा तिसरा असल्याशिवाय हे काम उरकणारं नाही. कशासाठी केलं, यावर सरांनी एकही अंदाज लिहू दिला नाही.

दुसरी गोष्ट सहा मिलिमीटरची आहे. फ्रान्समध्येच आब्री द्यू मारास इथे एका छिलक्याला चिकटलेला दोरीचा तुकडा २०२० मध्ये जाहीर झाला. झाडाच्या अंतर्सालीचे तंतू एका दिशेला पिळून तीन पेड केलेले आणि ते तिन्ही पेड उलट्या दिशेला एकत्र वळलेले. उलटा पीळ दिला नाही तर दोरी सुटते. हे वळणाऱ्याला ठाऊक होतं, ४० ते ५० हजार वर्षांपूर्वी. मैत्रीण त्याची मोठी प्रतिकृती करणार आहे आणि शेजारी सुटे तंतू ठेवणार आहे.

डेनिसोव्हनचं नशीब या वर्षी पालटलं. २०१० पासून ते म्हणजे करंगळीचं हाड, दात आणि जनुकं, चेहरा नाहीच. जून २०२५ मध्ये चीनमधल्या हार्बिनच्या कवटीतली प्रथिनं आणि दातांवरच्या किटणातला डीएनए जुळला. किमान १ लाख ४६ हजार वर्षं जुनी, सुमारे १,४२० सीसीची कवटी. छापून घेतली, लावली.

आणि आपण? मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे ३ लाख वर्षांपूर्वीचे लोक चेहऱ्याने आपल्यासारखे, पण मेंदूची पेटी मागे लांबट. आजचा गोलसर आकार हळूहळू आला. २०१८ च्या अभ्यासानुसार तो १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान पुरा झाला. आकारमान तेवढंच, ठेवण वेगळी.

२५ सप्टेंबर

शिंपल्याचा फलक लिहून संपला. सगळ्या मजकुरात मला सर्वांत आवडलेला. एजीन डुबुआ यांनी १८९१ मध्ये जावातल्या ट्रिनिलला इरेक्टसची कवटी शोधली, सोबत खोकी भरून शिंपले नेले. ते नेदरलँड्समध्ये लायडनच्या संग्रहालयात पडून राहिले. २००७ मध्ये त्यांची छायाचित्रं तपासताना एका शिंपल्यावर नागमोडी कोरीव रेघ दिसली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: वय ५ लाख ४० हजार ते ४ लाख ३० हजार वर्षं. रेघ वळणांवर न तुटता, एका दमात कोरलेली. बाकीच्यांपैकी काही शिंपल्यांना नेमक्या स्नायू चिकटतो त्या जागी भोकं होती. तिथे शार्कचा दात खुपसून फिरवला की शिंपला आपसूक उघडतो. संशोधकांनी जिवंत शिंपल्यांवर करून पाहिलं.

त्या रेघेला अर्थ होता का, माहीत नाही म्हणून फलकावर 'कला' असं लिहिलेलं नाही. शेजारी दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेतला ७३ हजार वर्षांपूर्वीचा, गेरूच्या नऊ रेघांचा दगड ठेवलाय. तिरका दिवा लावल्याशिवाय शिंपल्यावरची रेघ उठत नाही. वायरिंगवाल्याला सांगायचं.

४ ऑक्टोबर

काही मुलांना बोलावून चाचणी घेतली. मोहरीच्या टेबलावर झुंबड, अपेक्षेप्रमाणे. नालेदीपाशी एक मुलगी थबकली आणि तिने विचारलं, "हे मेले कशाने? आपण मारलं?" उत्तर द्यायला पुरावा नाही, तसंच सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यांनीच विचारला: "मग सगळ्यात हुशार कोण?" क्योटोच्या आयुमू या चिंपांझीचा खेळ दाखवला. पडद्यावर आकडे क्षणभर दिसतात आणि झाकले जातात, ते चढत्या क्रमाने दाबायचे. आयुमूने यात विद्यार्थ्यांना मागे टाकलं होतं. भरपूर सराव केलेल्या माणसांनी नंतर त्याची बरोबरी केली. मुलं खेळ सोडेनात आणि प्रश्न तिथेच राहिला. मला चालेल.

मोठी माणसं मात्र दमनिसीच्या कवटीपाशी थांबत होती. जॉर्जियातली, १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. एक सोडून सगळे दात मरणाच्या कितीतरी आधी पडलेले, दातांच्या जागा हाडाने भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो काही वर्षं जगला. दुसऱ्यांनी त्याला मऊ अन्न दिलं असेल. तो स्वतःच मगज आणि मज्जा खाऊन जगला असंही शक्य आहे. दोन्ही लिहिलंय. याच ठिकाणच्या पाचव्या कवटीचा मेंदू ५४६ सीसी.

११ ऑक्टोबर

छपाईआधीचा शेवटचा दिवस. हत्यारांच्या प्रत्येक फलकावर 'कुठे, कधी, कोणी' असे तीन रकाने आहेत. पहिले दोन भरले, तिसऱ्यापाशी घोडं अडलं.

लोमेक्वी: केनिया, ३३ लाख वर्षं, २०१५ मध्ये जाहीर. काही दगड १५ किलोपर्यंतचे, दोन्ही हातांनी उचलून ऐरणीवर आपटलेले. होमो वंशाचं सर्वांत जुनं हाड सुमारे २८ लाख वर्षांचं, म्हणजे कर्ता होमो धरला तर पाच लाख वर्षांची उणीव पडते. शिवाय त्या थराच्या वयावर काहींचे आक्षेप आहेत. न्यायांगा: तेही केनियात, ३० ते २६ लाख वर्षं, २०२३ मध्ये जाहीर. ओल्डोवान हत्यारं (गोनासारखीच, साधे गाभे आणि छिलके), पाणघोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा, आणि त्याच ठिकाणी दोन दाढा. दाढा होमोच्या नाहीत, पॅरान्थ्रोपसच्या आहेत: अवाढव्य जबड्याचा, लहान मेंदूचा, पुढे वंश खुंटलेला चुलत भाऊ. हत्यारं त्याची, की तो कोणाचं तरी भक्ष्य होता?

मैत्रीण म्हणाली, रकानाच काढून टाकू. सर म्हणाले, प्रश्नचिन्ह छापा. मला दोन्ही पळवाटा वाटल्या. शेवटी असं ठरलं: लोमेक्वीत 'होमोच्या आधीचे कोणीतरी, बहुधा' (इथे सरांनी 'कशावरून' विचारलं नाही), आणि न्यायांगाच्या रकान्यात होमो आणि पॅरान्थ्रोपस दोघांचे चेहरे, एकाच मापाचे, मध्ये 'किंवा'. खाली दाढेचा फोटो, पट्टीसकट. फाइल रात्री पाठवली.